वेळापूरचा सांधा आणि पदवीचा कागद

१/
सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात वेळापूर हे गाव आहे. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसहून निघून येथे मुक्कामाला येते. गाव जवळ आले की उतारावर वारकरी ‘धावा’ करतात. पंढरी आता दूर नाही या आनंदात लहानथोर धावत सुटतात. याच गावात यादवकाळातील अर्धनारी नटेश्वराचे मंदिर आहे. माणसाला काम देताना त्याचा कागद पाहावा की हात, हा वाद आज नोकरीच्या बाजारात पुन्हा ऐकू येतो. वेळापूरच्या दगडांत आणि त्याच्या आसपासच्या उसाच्या फडांत तो फार पूर्वीच झडून गेला आहे. त्याची ही हकिकत. (थ्रेड)

२/
वेळापूरच्या शिलालेखांना जुन्या मराठीच्या अभ्यासात मानाचे स्थान आहे. ते शके १२२२ आणि शके १२२७ चे, म्हणजे इ.स. १३०० ते १३०५ च्या सुमाराचे. राज्य रामचंद्रदेव यादवाचे, आणि लेखांत नाव येते ते ब्रह्मदेवराणा या अधिकाऱ्याचे. काळ नाजूक होता. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीने देवगिरीवर झडप घालून अमाप खंडणी नेली होती आणि यादवांचे वैभव उतरणीला लागले होते. तरीही माणदेशाच्या या टापूत दगडावर अक्षरे कोरली जात होती. राजसत्ता डळमळली म्हणून छिन्नीचा आवाज लगेच थांबत नाही.

३/
राजाचे नाव राहिले, राण्याचे राहिले. चिरे घडवणाऱ्यांची नावे आपल्यापर्यंत पोचली नाहीत. त्याहून मौजेची गोष्ट अशी की त्यांच्या शैलीलाही दुसऱ्याचेच नाव मिळाले.

अशा मंदिरांना आपण सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतो. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप, ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या प्रचंड ग्रंथाचा कर्ता, मोठा विद्वान आणि कारभारी. पण अंबरनाथचे शिवमंदिर १०६० चे आहे, म्हणजे हेमाद्रीच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचे. चुन्याविना दगड बसवण्याची विद्या त्याच्या जन्मापूर्वीच या भूमीत मुरलेली होती. त्याने मंदिरांना आश्रय दिला असेल, त्यात वाद नाही. परंतु छिन्नीवाल्याच्या कामाला लेखणीवाल्याचे नाव कायमचे चिकटले, आणि शालेय पुस्तकांनी ते आणखी पक्के केले.

४/
या बांधणीचे मर्म सांध्यात आहे. काळा बसाल्ट फोडायचा, ओबडधोबड चिरा गुण्याला लावून काटकोनात आणायचा, त्याचे पृष्ठ घासून सपाट करायचे. एका दगडाला खाच, दुसऱ्याला त्या खाचेत नेमका बसेल असा उंचवटा. वरचे वजन खालच्या दगडावर सरळ उतरले पाहिजे. ओळंबा जरासा ढळला तर पुढचा थर त्या चुकीचे माप वाढवत नेतो. छताकडे जाताना प्रत्येक थर आत सरकवत नेऊन पोकळी मिटवायची. एवढ्या उद्योगात दोन दगडांना जोडणारा कोणताही लेप नाही.

लेप नसण्याचा एक परिणाम स्थापत्याच्या पुस्तकांत फारसा सांगितला जात नाही. चुन्याच्या बांधकामात वाकडा दगड खपून जातो, फट बुजवता येते, वरून गिलावा केला की कारागिराचे पाप झाकते. कोरड्या सांध्यात ती सोय नाही. सकाळी बसवलेला दगड चुकला असेल तर दुपारी शेजारच्या पोरालाही ते दिसते.

५/
माणसाची पारख कागदावर करावी की कामावर, याचे उत्तर बऱ्याच अंशी यातच दडलेले आहे. ज्या धंद्यात चूक ताबडतोब आणि सर्वांसमक्ष उघडी पडते, तेथे कामच परीक्षक असते. तेथे दाखला मागणे म्हणजे सूर्य उगवला का हे पंचांगात पाहणे. ज्या धंद्यात चूक वर्षानुवर्षे झाकून राहते आणि मग एकदाच घात करते, तेथील न्याय वेगळा. ‘पदवी की कौशल्य’ असा सरधोपट वाद घालणारे दोन्हीकडचे लोक हा भेद विसरतात. म्हणूनच त्यांचे एकमत होत नाही.

६/
हाताचे गोडवे गाताना जुन्यांनी शास्त्राला हाकलले नव्हते, हेही ध्यानात घ्यावे. अकराव्या शतकात धारच्या भोज राजाच्या नावावर असलेला ‘समराङ्गणसूत्रधार’ हा ग्रंथ स्थपतीची लक्षणे सांगतो. शास्त्र, कर्म, प्रज्ञा आणि शील ही चारही त्याच्या ठायी हवीत. केवळ शास्त्र जाणणारा पण कामात न मुरलेला माणस प्रत्यक्ष वेळ आली की रणांगणावरच्या भित्र्यासारखा गोंधळतो, असे तो ग्रंथ म्हणतो. आणि केवळ कर्म जाणणारा, शास्त्राचा अर्थ न कळलेला? तो आंधळ्यासारखा दुसऱ्याच्या हाताला धरून चालतो.

नऊशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा निवाडा आजच्या कोणत्याही मनुष्यबळ खात्याच्या परिपत्रकापेक्षा सरस आहे. शील हा शब्द तर आजच्या यादीतून गळूनच गेला. सांधा नीट बसला नाही हे एकट्यालाच ठाऊक असताना दगड पुन्हा उचलण्याची तयारी, एवढा त्याचा व्यवहारातला अर्थ.

७/
आता या चित्राची काळी बाजू. ती न सांगता जुन्या काळाचे गुणगान करणे हा इतिहासाशी दगाफटका ठरेल.

जुन्या समाजात हाताची विद्या जन्माला बांधलेली होती. पाथरवटाचा मुलगा पाथरवट, सुताराचा सुतार. बापाच्या शेजारी बसून दगड टोचता टोचता मुलगा दहा-पंधरा वर्षांत तयार होई, हे खरे. पण त्या शेजारी बसण्याचा हक्क सर्वांना नव्हता. ज्यांच्या वाट्याला गावकुसाबाहेरची घरे आली, त्यांच्या बोटांत कितीही कसब असते तरी देवळाच्या कामावर त्यांना उभे कोण करणार? तेथे दाखला मागितला जात नव्हता, कारण जात हाच दाखला होता. कागदाने निदान एक गोष्ट केली: तो परीक्षा देऊन मिळवता येत होता. जात मिळवता येत नव्हती.

८/
कागदाचे राज्य महाराष्ट्रात कसे आले, त्याच्या तारखा पाठ कराव्यात अशा आहेत. १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंजने सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना पसंती देण्याचा ठराव केला. १८५४ मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग निघाला. तेच पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. त्याचा मूळ हेतू माफक होता: इमारती, धरणे, कालवे, रेल्वे यांसाठी सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम दर्जाचे जाणकार नोकर पुरवणे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि पदवी हा शब्द मराठी घरांत शिरला.

या काळात बांधकामावरच्या माणसांची उतरंडच बदलली. ज्याला सूत्रधार म्हणत त्याचे अधिकार नकाशा वाचणाऱ्याकडे गेले. दगड घडवणारा हजेरीपटावरचा मजूर झाला.

९/
हे सारे वाईटच झाले असे मानण्याचे कारण नाही. धरणाचे उदाहरण घ्यावे. भिंतीच्या पोटात पाण्याचा दाब किती, पाया किती खोल, सांडव्यातून किती पाणी सुटेल, हे केवळ हाताच्या सवयीने कळत नाही. चूक झाली तर ती भिंतीत गाडली जाते आणि पूर येईपर्यंत दिसत नाही. तेथे गणित हवे, आणि गणित येते हे तपासणारी परीक्षाही हवी. त्याच पुण्याच्या महाविद्यालयातून १८८३ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या उत्तीर्ण झाले. खडकवासल्याला त्यांनी बसवलेले स्वयंचलित दरवाजे हे शास्त्र शिकलेल्या माणसाचे काम होते.

पण कागद पुरेसा असतो काय? १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुणे बुडाले. धरण पुरे झालेले नव्हते, तरी त्यात पाणी साठले होते. त्या कामावर पदवीधरांची उणीव नव्हती.

१०/
या टप्प्यावर जोतीराव फुले यांच्याकडे वळावे लागते. फुले हे समाजसुधारक म्हणून सर्वांना माहीत आहेत. ते बांधकामाचे ठेकेदारही होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ‘पुणे कमर्शियल अँड काँट्रॅक्टिंग कंपनी’ या त्यांच्या संस्थेने कात्रजच्या बोगद्याचे आणि येरवड्याच्या पुलाचे काम केले. चुना, दगड, मजूर आणि इंजिनिअर या चौघांना त्यांनी जवळून पाहिले होते. कागदवाल्यांच्या राज्यात हातवाल्याची कशी नागवण होते, हे त्यांनी कचेरीत बसून लिहिले नाही.

११/
१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत वाचन, लेखन, हिशेब यांच्या जोडीने शेतीचे मूलभूत ज्ञान असावे अशी मागणी केली. पुढच्याच वर्षी पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये त्यांनी आणखी एक सूचना केली, आणि ती या विषयाच्या दृष्टीने सोन्याची आहे: शेतकऱ्यांच्या औत हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात आणि उत्तम ठरतील त्यांना बक्षिसे द्यावीत.

औत हाकण्याची परीक्षा! फुल्यांनी परीक्षेला नकार दिला नाही. ती शेतात नेली. जन्मावरून माणूस निवडण्याला त्यांचा विरोध होता आणि नुसत्या पुस्तकी उत्तीर्णतेवरही त्यांचा भरवसा नव्हता. तिसरी वाट अशी की सर्वांना शिकवावे, आणि मग प्रत्यक्ष करून दाखवायला सांगावे. आज परदेशी पुस्तकांतून ‘कौशल्याधारित निवड’ म्हणून जे आपल्याला शिकवले जाते, त्याचा मसुदा मराठीत असा पडून होता.

१२/
आता पुन्हा माळशिरस तालुक्यात. पावसाच्या छायेतला हा कोरडा मुलूख. १९२८ मध्ये भाटघरचे नवे धरण, त्या वेळचे लॉइड धरण, पुरे झाले आणि नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी या बाजूला खेळू लागले. पाणी आले, पण उसाची बागायत ही काही पाणी सोडले की आपोआप होणारी गोष्ट नाही. ती ज्यांना येत होती ते शेतकरी पुरंदर तालुक्यातील सासवडचे माळी. नीरेच्या डाव्या कालव्यावर, गोदावरीच्या कालव्यांवर, जेथे जेथे नवे पाणी आले तेथे सासवडची ही मंडळी खंडाने जमिनी घेऊन ऊस लावत गेली. लागण केव्हा, पाण्याची पाळी किती दिवसांनी, खत किती आणि कोणते, जमीन केव्हा विसाव्याला सोडायची, हे त्यांचे ज्ञान कोणत्याही कृषी महाविद्यालयाने दिलेले नव्हते. (फुल्यांचे घराणेही पुण्याला येण्यापूर्वी याच पुरंदर तालुक्यातील खानवडीत राहिले होते. योगायोग म्हणावा, पण सुखद.)

१३/
उसाचा गूळ होई. गुऱ्हाळावर सर्वांत मानाचा माणूस म्हणजे गुळव्या. मालक गुऱ्हाळाचा असो वा उसाचा, काहिलीपाशी शब्द चालतो तो गुळव्याचा.

चरकातून आलेला रस गाळून काहिलीत पडतो, चुलवाणात चिपाडाचा जाळ लागतो. रस तापला की मळी वर येते. ती वेळेवर काढली नाही तर गूळ काळपट होतो. मळी धरण्यासाठी भेंडीचे चिकट पाणी, आणि रसाचा आंबटपणा मारण्यासाठी किंचित चुना. चुना जास्त पडला तर रंग गेला, कमी पडला तर गूळ टिकत नाही. मग रस आटतो आणि त्याचे बुडबुडे बदलत जातात: आधी फसफसणारे बारीक, मग मोठे, मग जडशीळ, उकळीचा आवाजही खाली बसतो. शेवटची दोनचार मिनिटे खरी कसोटीची. गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो आणि बोटांत त्याची गोळी वळवतो. गोळी मऊ राहिली तर अजून जाळ. घट्ट झाली की काहील उतरवायची. क्षणभर उशीर झाला तर पाक करपतो, घाई झाली तर ढेप बसत नाही, पाघळते.

तापमापकाच्या भाषेत हा बिंदू ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. गुळव्याच्या बोटांना तो आकडा माहीत नसतो, बिंदू माहीत असतो.

१४/
वेळापूरच्या कोरड्या सांध्याचा न्याय येथेही लागू आहे. ढेप दुसऱ्या दिवशी फोडली की रंग, कणी आणि चव सगळे उघडे. गुळव्याला कोणी शाळेचा दाखला विचारला नाही, कारण अडत्याने एक खडा तोंडात टाकला की निकाल लागत असे. आणि गुळव्या तयार कसा होई? आधी जाळ घालायचा, मग मळी काढायची, मग थोरल्या गुळव्याच्या शेजारी उभे राहून बुडबुडे पाहायचे. हंगामामागून हंगाम. एखादे आदण बिघडवण्याची मुभा असल्यावाचून कोणी गुळव्या झालेला नाही. ते बिघडलेले आदण हीच त्याच्या शिक्षणाची फी, आणि ती मालक भरत असे.

आजच्या चर्चेत हा खर्च कोणी बोलत नाही. कौशल्य असलेला माणूस सर्वांना हवा आहे. बिघडलेल्या आदणाचे पैसे मात्र कोणालाच द्यायचे नाहीत.

१५/
लाकडी चरकाची जागा लोखंडी चरकाने घेतली त्यात किर्लोस्करांचा वाटा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटन शिकवत. त्यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. चित्रकला शिकायला गेलेला हा माणूस रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून रेखाटनाकडे वळलेला. हक्काची बढती त्यांना डावलून एका युरेशियन गृहस्थाला मिळाली आणि त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

तेथे कामाला आलेले बहुतेक जण आसपासच्या खेड्यांतले होते. साच्यात ओतकाम कसे करायचे, लेथ कसा चालवायचा, हे त्यांना तेथेच शिकवले गेले. शिक्षा भोगून आलेल्यांना पहाऱ्यावर ठेवण्याचे धाडसही लक्ष्मणरावांनी केले. ज्याला स्वतःला अन्याय्य निवडीचा चटका बसला होता, त्याने निवडीची रीतच बदलली.

पण हे विसरू नये: याच लक्ष्मणरावांनी आपला मुलगा शंतनुराव याला अमेरिकेतील एमआयटीत धाडले, आणि तो १९२६ मध्ये यंत्र अभियंता होऊन परतला. पदवीवाचून कारखाना उभा करणाऱ्याला पदवीची किंमत इतरांपेक्षा अधिक कळली होती.

१६/
मंदीच्या लाटेत गुळाचे भाव कोसळले. १९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला, जावाच्या साखरेला जकातीचा बांध पडला, आणि त्याच वर्षी सासवडच्या माळी बागायतदारांनी ‘सासवड माळी शुगर फॅक्टरी’ स्थापन केली. माळशिरस तालुक्यातील माळीनगर त्यातून वसले. वेळापूरपासून ते जवळच आहे. उद्योगपतींचे कारखाने अनेक होते. शेतकऱ्यांनी आपल्या भांडवलावर काढलेला असा कारखाना ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती.

उसाचे ज्ञान माळ्यांचे, पण साखर म्हणजे गूळ नव्हे. निर्वात पात्रात रस कमी उष्णतेवर आटवायचा, त्यात स्फटिक धरायचे, ते एकसारखे वाढवायचे. त्यासाठी रसायनतज्ज्ञ हवा, यंत्रे जाणणारा हवा. बागायतदारांनी असे जाणकार नेमले आणि स्वतःचा उसाचा शब्द मात्र हातातून सोडला नाही. पुढे १९५० च्या सुमारास नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी हाच मेळ अधिक ठळकपणे जमला. विठ्ठलराव विखे पाटील शाळेत फार शिकलेले नव्हते. धनंजयराव गाडगीळ केंब्रिजहून आलेले अर्थशास्त्रज्ञ. दोघांपैकी एकालाही दुसऱ्याचे काम जमले नसते.

१७/
साखर कारखान्यात गुळव्याचा वारसदार आहे: पॅनमन. पात्रातला पाक काचेवर घेऊन तो स्फटिकाची कणी पाहतो आणि बोटांत चोळून तिचा अंदाज घेतो. काहिलीजवळची ती जुनी नजर यंत्राच्या खिडकीतून पाहू लागली, एवढाच फरक. या कामाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेत चालतो. येथे कागद हाताच्या मागून आला, हाताला नाव द्यायला आला, आणि म्हणून तो अंगाला बसला.

१८/
मग आज प्रत्येक कामाला पदवी का मागितली जाते? पदवीधर ते काम चांगले करतो म्हणून, असे मानणे भोळेपणाचे आहे. एका जागेला हजारो अर्ज आले की माणूस पारखायला वेळ लागतो, जाणता परीक्षक लागतो. कागदाची चाळणी फुकट असते. अट घातली की निम्मे अर्ज आपोआप गळतात आणि निवडणाऱ्यावर ठपकाही येत नाही. पदवीची अट ही बहुधा मालकाच्या आळसाची आणि भीतीची खूण असते.

याच्या उलट टोकाला ‘पदवी विसरा, कौशल्य पाहा’ अशी नवी घोषणा आहे. ती मोठ्या शहरांतल्या मोठ्या कंपन्यांकडून आली की ऐकायला फार बरी वाटते. परंतु कौशल्य पाहणार कोण? ओळखीचा माणूस ‘पोरगा हुशार आहे’ असे सांगतो तेव्हा त्या हुशारीत आडनावाचा, बोलण्याच्या ढबीचा, नात्याचा वाटा किती असतो, हे महाराष्ट्राला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. परीक्षा उघड्यावर आणि सर्वांसाठी एकच नसेल, तर ‘कौशल्य पाहून’ हे शब्द जुन्या जन्मदाखल्याचेच नवे पांघरूण ठरतात. ज्या घरात पहिला पदवीधर आत्ता कोठे झाला आहे, त्या घराला ‘आता पदवीला अर्थ उरला नाही’ असे सांगणे तर क्रूर आहे.

१९/
सरकारने मधला मार्ग काढण्याचे प्रयत्न केले आहेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने कारखान्यांना शिकाऊ मुले घ्यायला लावली. २०१५ पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत तर कामावरच शिकलेल्या माणसाच्या ज्ञानाला मान्यता देण्याची सोय आहे: थोडी उजळणी, मग चाचणी, मग प्रमाणपत्र. कल्पना उत्तम. अडचण परीक्षकाची आहे. वीस वर्षे दगड घडवलेल्या माणसासमोर उत्तरपत्रिका घेऊन जो बसेल, त्याने स्वतः कधी छिन्नी धरली आहे काय? फुल्यांच्या औताच्या परीक्षेत तरी परीक्षकाला नांगराचे तास सरळ की वाकडे एवढे कळणे गृहीत होते.

२०/
हा प्रश्न इतिहासप्रेमींच्या अगदी दारात आला आहे. यादवकाळातील मंदिरांची डागडुजी कोणी करायची?

महाराष्ट्रात जुन्या देवळांच्या कोरड्या सांध्यांत सिमेंट भरलेले, मूर्तींवर तैलरंग फासलेला, जुन्या फरशीवर चकचकीत टाइल्स बसवलेल्या कोणी पाहिल्या नाहीत? भाविकांची श्रद्धा त्याला कारण असते, तशीच कामाची वाटणीही. सार्वजनिक कामाच्या निविदेत ठेकेदाराची नोंदणी, वार्षिक उलाढाल, आधीच्या कामांचे दाखले विचारले जातात आणि बहुधा सर्वांत कमी दराला काम जाते. प्रत्यक्ष दगडाला हात लावणारा पाथरवट त्या कागदांत कोठेच नसतो. तो ठेकेदाराने रोजंदारीवर आणलेला असतो. सिमेंट लवकर भरते, कमी कसबात भरते आणि चूक झाकते. कोरड्या सांध्याचा सारा न्याय त्याने उलटा केला.

२१/
भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या २०१४ च्या राष्ट्रीय संवर्धन धोरणात राजमिस्त्री आणि स्थपती अशा परंपरागत कारागिरांचे स्थान स्पष्ट शब्दांत मान्य केलेले आहे. म्हणजे तत्त्व कागदावर आले आहे. उरला तो व्यवहार, आणि तो अवघड नाही. निविदेत एक रकाना वाढवावा. काम मागणाऱ्याने आपला पाथरवट घेऊन यावे, त्याला एक ओबड चिरा, गुण्या, ओळंबा आणि दोन दिवस द्यावेत, आणि त्याने जुन्या थरातील एका नमुन्याशी जुळणारा सांधा चुन्याविना बसवून दाखवावा. पाहायला अभियंता असावा, पुरातत्त्वज्ञ असावा आणि दोन म्हातारे पाथरवट असावेत. नाव, गाव, आडनाव नंतर विचारावे. पाया खचला आहे का, भार कोठे उतरतो, याचे गणित अभियंत्याने करावे. ते पाथरवटाच्या माथी मारू नये. आणि काम झाल्यावर लावल्या जाणाऱ्या कोनशिलेवर मंत्र्यांच्या नावाखाली त्या पाथरवटाचेही नाव कोरावे.

२२/
वेळापूरच्या मंदिराच्या आवारात वीरगळ आहेत, समोर बारव आहे. पुढच्या आषाढात धावा पाहून झाल्यावर वाट थोडी वाकडी करावी आणि भिंतीपाशी जाऊन दोन चिऱ्यांच्या मधल्या रेषेवर नख फिरवावे. ते नख कोठे आत शिरते आणि कोठे शिरत नाही, हे मोजून पाहण्यासारखे आहे. (समाप्त)